परीक्षेचे प्रश्न आणि मुलीचा प्रश्न

पत्राचा सारांश: "आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. पुढच्या वर्षी ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे होतील आणि आम्ही दोघेही नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहोत. परीक्षेचे प्रश्न मी पाठ करायला घेतले आहेत. यजमानांच्या मते त्यासाठी मोबाइलवरचे एक ॲप पुरेसे आहे. पण सातवीतल्या मुलीने परवा विचारले, की सगळी माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्यांनीच गुलाम कसे काय ठेवले होते? मला धड उत्तर देता आले नाही. उन्हाळ्यात सांगलीहून सासू-सासरे येत आहेत. सासरे निवृत्त शिक्षक आहेत, नागरिकशास्त्र शिकवायचे, त्यांनाही उत्सुकता आहे. कोणती संग्रहालये पाहावीत, इंटरनेटवर कशावर विसंबावे? आणि खरे सांगायचे तर हा इतिहास आपला वाटतच नाही. त्याचे काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन वेगळी कामे एकमेकांत गुंतली आहेत, ती आधी सुटी करू. नागरिकत्वाची परीक्षा उत्तीर्ण होणे हे पहिले काम, आणि त्याबाबतीत तुमचे यजमान फारसे चुकत नाहीत. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर अर्ज करणाऱ्यांसाठी नवी परीक्षा लागू झाली आहे. तिच्यात १२८ प्रश्नांची यादी असून मुलाखतीत त्यांतले जास्तीत जास्त २० विचारले जातात आणि १२ बरोबर यावे लागतात. आधीच्या परीक्षेत १०० प्रश्नांची यादी होती, १० विचारत आणि ६ बरोबर आले की काम भागत असे. जुन्या यादीवर बेतलेली पुस्तके आणि ॲप अजूनही सर्रास फिरतात. तेव्हा यजमानांचे ॲप कोणत्या यादीवर आहे ते एकदा पाहून घ्या. यूएससीआयएस या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी उत्तरांसह फुकट मिळते. गव्हर्नर किंवा सिनेटर यांच्या नावांसारखी काही उत्तरे निवडणुकीनंतर बदलतात, ती मुलाखतीच्या आधी तिथेच पडताळावीत. अर्ज पाच वर्षे भरण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. एवढ्यासाठी कोणालाही पैसे मोजून शिकवणी लावण्याची गरज नाही.

इथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण ती नागरिकशास्त्राचीच आहे. वाहन परवान्याच्या कार्यालयात बऱ्याचदा मतदार नोंदणीचा प्रश्न ओघातच पुढे येतो. शपथविधी होईपर्यंत त्याला स्पष्ट नकार द्यायचा. नागरिक नसताना नागरिक असल्याचे लिहून देणे हा किरकोळ घोटाळा समजला जात नाही, त्यापायी नागरिकत्वाचा अर्जच धोक्यात येतो. शपथ झाली की नोंदणी करायला एक दिवसही थांबू नका, ते वेगळे.

आता दुसरे काम, आणि माझ्या मते खरे काम: तुमच्या मुलीचा प्रश्न. "त्या काळी तसेच होते" एवढे सांगून तो मिटवू नका, कारण ते उत्तर अपुरे तर आहेच, शिवाय चुकीचेही आहे. त्या काळातही हा विरोधाभास ओळखणारी माणसे होती आणि ज्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ते वाक्य लिहिले त्या थॉमस जेफरसनलाही तो ठाऊक होता. त्या जाहीरनाम्याचा त्याच्या हातचा १७७६ चा कच्चा मसुदा अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाकडे आहे आणि त्याची प्रत ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. खाडाखोडीने भरलेल्या त्या पानांत गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष देणारा एक मोठा परिच्छेद आहे. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने तो काढून टाकला. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया यांच्या दबावामुळे तो गेला, आणि उत्तरेकडच्या व्यापारात गुंतलेल्यांनाही तो टोचत होता, असे जेफरसनने पुढे स्वतःच लिहून ठेवले. आणि हा परिच्छेद लिहिणाऱ्याने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. मुलीला आधी हा मसुदा दाखवा, मग छापील जाहीरनामा दाखवा आणि दुसऱ्यात काय नाही ते तिलाच शोधू द्या. कागदात काय नाही हे पाहायची सवय या वयात लागली तर पुढे कोणत्याही देशाचा इतिहास वाचताना ती उपयोगी पडते.

तुम्हाला सगळी संग्रहालये उरकायची नाहीत, हा एक प्रश्न घेऊन निवडक ठिकाणी जायचे आहे, एवढाच माझा सल्ला आहे. तीर्थयात्रेच्या बसने एका दिवसात अकरा देवळे करणाऱ्याला संध्याकाळी कोणता देव कुठला ते आठवत नाही, तशीच गत इथे दिवसाला तीन संग्रहालये करणाऱ्यांची होते. प्रश्न हातात असला की कुठे थांबायचे आणि कुठून पुढे सरकायचे ते आपोआप कळते.

सुरुवात फिलाडेल्फियापासून करा. एडिसनहून गाडीने सवा-दीड तासावर आहे आणि पाहण्यासारखे बरेचसे पायी हिंडण्याच्या टप्प्यात आहे. जाण्याच्या आदल्या आठवड्यात घरी राज्यघटनेच्या मूळ मजकुरातली तीन ठिकाणे सगळ्यांनी मिळून वाचा. पहिल्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमात प्रतिनिधींची संख्या ठरवताना "इतर सर्व व्यक्तीं"चे तीन-पंचमांश मोजायचे असे म्हटले आहे. त्याच अनुच्छेदाच्या नवव्या कलमात १८०८ पर्यंत ठरावीक "व्यक्तीं"ची आयात थांबवता येणार नाही असे म्हटले आहे. चौथ्या अनुच्छेदात पळून गेलेल्याला परत सोपवण्याची तरतूद आहे. तिन्ही ठिकाणी विषय गुलामगिरीचाच आहे, पण गुलाम हे नाव न घेता. त्यानंतर १८६५, १८६८ आणि १८७० च्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या घटनादुरुस्त्या वाचा. एवढे वाचून झाले की तुमच्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर घरीच मिळेल: तडजोड कुठे लिहिली गेली, आणि यादवी युद्धानंतर ती कुठे खोडावी लागली.

मग नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये जा. हे संग्रहालय ४ जुलै २००३ ला उघडले. तिथे एका दालनात १७८७ च्या घटना परिषदेतल्या प्रतिनिधींचे ब्राँझचे पुरुषभर उंचीचे ४२ पुतळे मोकळे उभे केले आहेत. मुले त्यांच्यामधून हिंडतात, खांद्याला खांदा लावून फोटो काढतात. सही करणारे ३९ होते. उरलेले तीन शेवटपर्यंत थांबले आणि सही न करताच निघाले: जॉर्ज मेसन, एडमंड रँडॉल्फ आणि एल्ब्रिज गेरी. मुलीला हे तिघे शोधून काढायला सांगा. घटनेत नागरिकांच्या हक्कांची सनद नाही हा मेसनचा मोठा आक्षेप होता, आणि पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या रूपाने ती सनद १७९१ मध्ये आली. नकार देणाऱ्याचेही म्हणणे पुढे कायद्यात उतरते हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या चार पानांपेक्षा त्या दालनात लवकर कळते. जवळच इंडिपेन्डन्स हॉल आहे. जाहीरनामा आणि घटना या दोन्हींवर चर्चा झाली ती खोली तिथे पाहायला मिळते. वर्षातले बरेच महिने तिथे वेळ ठरवून दिलेले तिकीट लागते, ते आधीच काढून ठेवा; शिवाय २०२६ हे स्वातंत्र्याचे अडीचशेवे वर्ष असल्याने गर्दीचा हिशेब धरूनच निघा.

पण फिलाडेल्फियात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा या दोन्हींहून लहान आहे आणि तिला छप्परही नाही. सिक्स्थ आणि मार्केट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर राष्ट्राध्यक्षांचे जुने घर होते. जॉर्ज वॉशिंग्टन १७९० ते १७९७ या काळात तिथे राहिला. घर केव्हाच पाडले गेले. २००७ च्या उत्खननात पायाचे अवशेष सापडले आणि २०१० मध्ये तिथे उघड्यावरचे स्मारक झाले. काचेतून खालचा पाया दिसतो आणि वॉशिंग्टनने त्या घरात ठेवलेल्या नऊ गुलामांची नावे दगडी भिंतीवर कोरलेली आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला तर त्याला स्वातंत्र्य मागता येत असे. म्हणून सहा महिने भरण्याआधी त्यांना राज्याबाहेर पाठवायचे आणि पुन्हा आणायचे, असा क्रम ठेवला होता. त्या नऊंपैकी ओना जज ही तरुणी मार्था वॉशिंग्टनची खास दासी होती. १७९६ च्या मे महिन्यात घरातली माणसे जेवायला बसली असताना ती निघून गेली आणि न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली. तिला पकडून देणाऱ्याला दहा डॉलरचे बक्षीस असल्याची जाहिरात वृत्तपत्रात आली होती. त्या जाहिरातीचे चित्र इंटरनेटवर सहज मिळते. तिच्यात तिचा रंग, तिचे केस, तिच्या कपड्यांची विपुलता, सगळ्यांचे वर्णन आहे, आणि ती का पळाली हे जाहिरातदाराला अजिबात उमगलेले नाही. ओना जज कायद्याने कधीच मुक्त झाली नाही; १८४८ मध्ये वारली, पण त्याआधी गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रांना दोन मुलाखती देऊन गेली. मुलीला वॉशिंग्टनचे चरित्र नंतर वाचू द्या. आधी ती जाहिरात आणि त्या मुलाखती एकापाठोपाठ वाचून दाखवा.

या जागेच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. संग्रहालयातला फलक कोणीतरी लिहिलेला असतो आणि काय लिहायचे यावर भांडण होत असते. मार्च २०२५ मध्ये निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर राष्ट्रीय उद्याने आणि स्मिथसोनियन ही राष्ट्रीय संग्रहालयांची संस्था यांच्या प्रदर्शनांतला मजकूर तपासला जाऊ लागला, आणि फिलाडेल्फियाच्या या स्मारकाचे फलकही वादात सापडले. तुम्ही जाल तेव्हा तिथे काय असेल ते पाहा, आणि पूर्वी काय होते ते जुन्या छायाचित्रांत पाहा. सासऱ्यांना हा विषय नवा वाटणार नाही; पाठ्यपुस्तकातला कोणता धडा कधी आला आणि कधी गेला हे शिक्षकाइतके कोणाला ठाऊक असते?

दिवस संपत आला नसेल तर म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन हे एप्रिल २०१७ मध्ये उघडलेले संग्रहालयही तिथेच आहे. वॉशिंग्टनचा युद्धकाळातला तंबू पाहायला लोक तिकडे जातात. मी मात्र तुम्हाला त्याचे एक ऑनलाइन प्रदर्शन घरी बसून पाहायला सांगेन, कारण ते थेट तुमच्या राज्याचे आहे.

न्यू जर्सीच्या १७७६ च्या राज्यघटनेने पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या "सर्व रहिवाशांना" मत दिले. पुरुष असे त्यात म्हटले नव्हते. १७९० च्या निवडणूक कायद्यात तर मतदाराचा उल्लेख "तो किंवा ती" असा उघडच आला. विवाहित स्त्रीची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची होत असल्यामुळे व्यवहारात मत पडले ते अविवाहित आणि विधवा स्त्रियांचे; मालमत्ता असलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही ते होते. अनेक वर्षे ही केवळ ऐकीव गोष्ट समजली जात असे, कारण स्त्रियांनी खरोखर मतदान केल्याचे कागद फारसे हाती नव्हते. मग संग्रहालयाच्या संशोधकांनी १८०० नंतरच्या काही वर्षांतल्या मतदार याद्या शोधून काढल्या. त्यांत सॉमरसेट काउंटीतल्या माँटगोमेरी टाऊनशिपची १८०१ ची यादी आहे. त्या याद्यांची पाने संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आहेत: वळणदार शाईत एकाखाली एक नावे, आणि पुरुषांच्या नावांमध्ये मधूनच एखादी मेरी, एखादी सारा. एडिसनहून माँटगोमेरी काही लांब नाही. एखाद्या रविवारी मायलेकींनी मिळून ती यादी वाचा, नावे उतरवून घ्या. जुनी लिपी वाचायची हातोटी अर्ध्या तासात जमते.

पुढचा भाग मुलीला जास्त झोंबेल. १८०७ मध्ये हा हक्क विधिमंडळाने काढून घेतला आणि मत फक्त कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुषांपुरते उरले. निमित्त होते त्याच वर्षी एसेक्स काउंटीत न्यायालयाची इमारत कुठे बांधायची यावर झालेल्या मतदानातल्या गैरप्रकारांचे. पुरुषांनी बायकांचे कपडे घालून दुबार मते टाकली असेही आरोप झाले. गैरप्रकार कोणी केले आणि हक्क कोणाचा गेला, यावर जेवणाच्या टेबलावर वाद घालायला हरकत नाही. न्यू जर्सीतल्या स्त्रियांना मत परत मिळायला थेट १९२० ची एकोणिसावी घटनादुरुस्ती उजाडावी लागली. हक्क एकदा मिळाला की कायमचा राहतो, ही समजूत आपल्या सगळ्यांचीच असते, आणि तिला छेद देणारे याहून जवळचे उदाहरण तुम्हाला मिळणार नाही.

आता इंटरनेटबद्दल. माझा नियम असा आहे, की मूळ कागद जिथे ठेवला आहे तिथेच आधी जावे. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन आणि मॅडिसन या संस्थापकांची पत्रे फाउंडर्स ऑनलाइन या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात शब्द टाकून शोधता येतात. याचा एक फार व्यावहारिक उपयोग आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जेफरसनच्या किंवा वॉशिंग्टनच्या नावाने काही तेजस्वी वाक्य आले, की त्यातले चार शब्द तिथे टाकून पाहा. बरेचदा ते कुठेच सापडत नाही. जेफरसनच्या मॉन्टिचेलो या घराची संस्था तर त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या बनावट वचनांची यादीच ठेवते. शिक्षकांसाठी अभिलेखागाराचे डॉक्सटीच आहे, त्यातले सोपे धडे मुलगी स्वतः करू शकेल. सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादांचे १९५५ पासूनचे ध्वनिमुद्रण ओयेझ या संकेतस्थळावर ऐकता येते. इंग्रजी ऐकण्याच्या सरावासाठीही ते उत्तम, फक्त वकिलांचा वेग अंगवळणी पडायला वेळ लागतो. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या आयसिव्हिक्स या नागरिकशास्त्राच्या संकेतस्थळावरचे खेळ मुलीला आवडतील. ते खेळ आहेत, अभ्यास नव्हे, पण कायदा सभागृहातून पुढे कसा सरकतो आणि नकाराधिकार कुठे आड येतो हे त्यांतून चांगले समजते.

अनोळखी संकेतस्थळावर काही वाचले तर त्याच पानावर वर-खाली शोधत बसू नका. दुसरी खिडकी उघडून ही संस्था कोणाची, तिला पैसा कोण पुरवतो आणि इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते आधी पाहा. ही पद्धत स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेल्या इतिहास-शिक्षण गटाने शाळांसाठी धड्यांच्या रूपात मांडली आहे आणि ते धडे फुकट आहेत. रंगीत चित्रपट्टीवर तीन मिनिटांत "अमेरिकेचा खरा इतिहास" सांगणाऱ्यांची डाव्या बाजूलाही कमतरता नाही आणि उजव्याही.

सासऱ्यांसाठी मी कॉन्स्टिट्यूशन सेंटरचीच ऑनलाइन घटना सुचवतो. तिथे प्रत्येक कलमापाशी वेगवेगळ्या मतांच्या दोन अभ्यासकांनी आधी एकमताने मान्य असलेला भाग लिहिला आहे, आणि मग जिथे मतभेद आहेत तिथे आपापले स्वतंत्र टिपण जोडले आहे. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला ही मांडणी पाहूनच बरे वाटेल. त्यांना पाचव्या आणि चौदाव्या दुरुस्तीपासून सुरुवात करायला सांगा, कारण तिथे भारताचा धागा आहे. आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत आले होते आणि न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले होते. त्या दुरुस्त्यांमधली "ड्यू प्रोसेस"ची, म्हणजे कायदाच न्याय्य आहे का हे न्यायालयाला तपासू देणारी, तरतूद भारतीय घटनेत घेऊ नये, कारण तिने न्यायाधीशांच्या हाती फार अधिकार जातो, असे फ्रँकफर्टर यांचे मत पडले. आपल्या एकविसाव्या कलमात "कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती" आली त्यामागे ही भेट आहे. आणि पुढे १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असे सांगून बरेच अंतर भरून काढले. सासरे हे नातीला समजावून सांगतील तेव्हा तुम्ही मध्ये बोलू नका.

वॉशिंग्टनला जाणार असाल तर तिथेही हात आखडता ठेवा. राष्ट्रीय अभिलेखागारातल्या दालनात जाहीरनामा, घटना आणि हक्कांची सनद आहे. उजेड मंद असतो, छायाचित्रे काढता येत नाहीत आणि जाहीरनाम्याची शाई इतकी विटली आहे की पुष्कळांची निराशा होते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. नंतरचा संपूर्ण दिवस आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाला द्या. इतिहासाची दालने जमिनीखाली आहेत, अगदी तळाच्या मजल्यापासून चढत वर यायचे. तिथे जेफरसनचा पुतळा आहे आणि त्याच्या मागे विटांची रास, प्रत्येक विटेवर त्याने बाळगलेल्या माणसांची नावे. तुमच्या मुलीचा प्रश्न तिथे उभाच आहे. प्रवेश फुकट, पण वेळेचा पास आधी काढावा लागतो. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून सकाळची वेळ घ्या.

राहिले तुमचे शेवटचे वाक्य, की हा इतिहास आपला वाटत नाही. तुम्ही ज्या अर्जाची तयारी करत आहात, तो अर्ज करण्याचा हक्कच भारतीयांना एके काळी नव्हता. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व "स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं"ना दिले, १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेले भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्व मागितले. मानववंशशास्त्राच्या त्या काळच्या वर्गीकरणानुसार उत्तर भारतीय कॉकेशियन, म्हणजे गोऱ्यांच्याच वंशगटातले, ठरतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या निकालाच्या काही महिने आधीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाला तो कॉकेशियन नाही म्हणून नाकारले होते. १९२३ मध्ये थिंड यांच्यापुढे त्याच न्यायालयाने सांगितले की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाला जे गोरे वाटतात तेच गोरे. त्यानंतर ज्या भारतीयांना नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेण्याची कारवाई सरकारने सुरू केली. नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला; नव्याने येणाऱ्यांसाठी दार तेव्हा वर्षाला १०० जणांच्या कोट्यापुरते किंचित उघडले, आणि खऱ्या अर्थाने १९६५ च्या कायद्याने. त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी सही केली. जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधून निघणारी बोट तुम्हाला त्या बेटावर आणि एलिस आयलंडलाही नेते. सासू-सासऱ्यांना तिकडे न्याल तेव्हा केवळ पुतळा पाहून परतू नका. थिंड आणि त्या पिढीतल्या इतरांची पत्रे, छायाचित्रे आणि कात्रणे साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह या २००८ पासून चाललेल्या संग्रहात आहेत.

आणि मराठी माणसाची पावले तर या इतिहासात त्याआधीच उमटलेली आहेत. आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियातच डॉक्टर झाल्या; त्यांच्या महाविद्यालयाचे दप्तर आता ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे आणि जपानी व सिरियन मैत्रिणींबरोबरचे त्यांचे प्रसिद्ध छायाचित्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसते. तो पदवीदान समारंभ पाहायला आलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये "युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त" लिहिले, त्यात इथल्या राज्यव्यवस्थेचे वर्णन आहे, स्त्रियांच्या संघटनांचे कौतुक आहे, आणि मूळ रहिवासी व कृष्णवर्णीय यांच्यावरच्या अन्यायाबद्दल कान उघाडणीही आहे. सासूबाईंना ते वाचायला द्या; नागरिकशास्त्र फक्त सासऱ्यांचेच असे कोणी ठरवले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंताला लिहिलेले पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहात आहे आणि ते ऑनलाइन पाहता येते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचून त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. अस्पृश्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की कृष्णवर्णीयांच्या स्थितीचा अभ्यास आवश्यकच आहे, असे त्यात म्हटले आहे. ड्यू बॉइस यांचे ३१ जुलैचे उत्तरही तिथेच आहे. मुलीला शाळेत प्रकल्प असेल तर ही दोन पत्रे तिला सुचवा. वर्गात ती दुसऱ्या कोणाकडे नसतील.

शेवटी संग्रहालयाबाहेरचे एक काम. तुमच्या टाऊनशिपच्या कौन्सिलची आणि शाळा मंडळाची पुढची सभा कधी आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. न्यू जर्सीच्या कायद्याने या सभा लोकांना खुल्या आहेत आणि जनतेने बोलण्यासाठी वेळ राखलेली असते. तिथे बसायला आणि बोलायला नागरिक असण्याची अट नाही. विषयपत्रिका आदल्या दिवशी वाचून मुलीला आणि सासऱ्यांना घेऊन जा. पहिल्या तासात बहुधा गटारे आणि अंदाजपत्रक चालेल, तेव्हा जेवून जा, आणि सासऱ्यांना हात वर करण्यापासून थांबवू नका.